३६ दात्यांचं रॅचेट महाग, ७२ दात्यांचं स्वस्त: हे गणित काय आहे?

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. मागच्या पावसाळ्यात गंजलेले पंख्याच्या मोटरचे बोल्ट फिक्स पान्याला दाद देत नाहीत. मग कुणीतरी मोबाइलवर शोधतो आणि समोर येतो ४६ नगांचा गोटी (म्हणजे सॉकेट) सेट, पाच-सातशे रुपयांना, वर ठळक अक्षरांत ‘७२ दाते’. त्याच पानावर जरा खाली एक जपानी रॅचेट दिसतं, म्हणजे गोटी फिरवायचं टिकटिक करणारं हँडल. एकटंच. सोबत गोटी नाही, डबा नाही, किंमत हजारांत आणि दाते फक्त ३६. निम्मे दाते आणि दहापट किंमत! दुकानदाराला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘भाऊ, इम्पोर्टेड आहे ना!’ याने काहीच कळत नाही.

दात्यांची संख्या ही रॅचेटची फक्त एक मोजणी आहे, दर्जाची खूण नाही. पैसे जातात ते डोक्याच्या आतल्या भागांवर, आणि ते भाग जाहिरातीत दिसत नाहीत. आतल्या भागांचं काम समजलं की आपल्याला स्वस्त पुरेल की महाग घ्यावं हे दुकानात उभ्या-उभ्या ठरवता येतं.

आत असतं तरी काय

सायकलचं मागचं चाक आठवा. पायडल पुढे मारलं की चाकाला ताकद मिळते. पायडल थांबवलं तरी चाक टिकटिक करत पुढे जात राहतं. त्या फ्रीव्हीलमध्ये जे आहे तेच रॅचेटच्या डोक्यात आहे: एक दातेरी चाक आणि स्प्रिंगने त्यावर दाबलेला खटका. एका दिशेने खटका दात्यात अडकतो आणि चाकाला ओढत नेतो, उलट दिशेने दात्यांवरून घसरत जातो. ती टिकटिक म्हणजे खटका एकेका दात्यावरून उडी मारतोय.

दातेरी चाकाला खाली एक चौकोनी खुंटी असते. त्या चौकोनावर गोटी बसते. चौकोनाच्या एका बाजूला लहानसा छर्रा असतो, तो गोटी पडू देत नाही. डोक्यावर दिशा बदलायची कळ असते. ती फिरवली की खटका दुसऱ्या बाजूने टेकतो आणि खोलण्याऐवजी आवळणं सुरू होतं. बाकी सगळं हँडल.

म्हणजे हाताची पूर्ण ताकद, अगदी पूर्ण, त्या खटक्याच्या काही मिलिमीटर पृष्ठभागातून नटपर्यंत जाते. महाग आणि स्वस्त यांतला फरक बहुतेक तिथेच आहे.

दात्यांचं गणित

पूर्ण फेरा ३६० अंशांचा. त्याला दात्यांच्या संख्येने भागलं की हँडल किमान किती हलवावं लागतं ते मिळतं. २४ दाते असतील तर १५ अंश, ३६ ला १०, ७२ ला ५, ९० ला ४ आणि १२० ला ३ अंश.

अंशांत सांगितलं की डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून हँडल २०० मिलिमीटर लांब धरू आणि त्याचं टोक किती सरकतं ते पाहू. २४ दात्यांना सुमारे ५२ मिमी जागा लागते. ३६ ना ३५ मिमी, ७२ ना साडेसतरा, १२० ना साडेदहा. याच्या शेजारी नेहमीचा रिंग पाना ठेवा. त्याला आत बारा कोन असतात, म्हणजे काढून पुन्हा लावायला ३० अंश हवेत. तेवढ्याच लांबीवर ते होतात जवळजवळ १०५ मिमी, आणि दरवेळी पाना उचलून पुन्हा बसवायचा तो वेगळाच.

हे आकडे नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. साधं २४ दात्यांचं रॅचेटसुद्धा रिंग पान्याची जागा निम्म्यावर आणतं. २४ वरून ७२ वर गेलं की आणखी ३५ मिमी वाचतात. स्कूटरच्या पॅनेलमागे किंवा मोटारीच्या अल्टरनेटरपाशी हा फरक खराखुरा जाणवतो. पण ७२ वरून १२० वर गेल्यावर वाचतात फक्त ७ मिमी. त्या सात मिलिमीटरसाठी जादा पैसे मोजायचे की नाही, हे काम कुठे करता त्यावर ठरवा. जाहिरातीवर तर मुळीच नको.

आणि एक छुपा हिशेब. हे आकडे डोक्यापुरते आहेत. चौकोन आणि गोटी यांच्यात थोडी ढिलाई असते. मध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे गोटी लांब नेणारी दांडी, लावलं की ढिलाईचा आणखी एक जोड वाढतो. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकणारा जोड, आला की तिसरा, आणि लांब एक्स्टेन्शन ताकद लागताच स्वतः थोडं पिळतंही. हँडल फिरवलं तरी आधी ही सगळी ढिलाई भरून निघते, मग नट हलतो. ३०० मिमीचं एक्स्टेन्शन आणि जॉइंट लावून ‘१२० दात्यांचा फायदा’ शोधायला गेलात तर तो वाटेतच संपलेला असतो.

दाते वाढले की कमी काय होतं?

दातेरी चाकाचा व्यास काही वाढत नाही, डोकं लहानच हवं असतं. तीन सुती रॅचेटमध्ये (चौकोन तीन सूत, म्हणजे साधारण साडेनऊ मिमी) चाक २० मिमी व्यासाचं आहे असं धरू. परीघ होतो जवळपास ६३ मिमी. त्यावर ३६ दाते बसवले तर एका दात्याला पावणेदोन मिमी जागा मिळते. ७२ बसवले तर ०.८७ मिमी, १२० बसवले तर अर्धा मिलिमीटर. दाता बारीक झाला की त्याची उंचीही कमी होते.

बारीक दाता एकटा जास्त भार घेऊ शकत नाही. म्हणून खटक्यालाच अनेक दाते पाडतात, म्हणजे एका वेळी पाच-सात दाते मिळून भार वाटून घेतील. इथेच कारखान्याची परीक्षा असते. खटक्याचे सगळे दाते चाकाच्या दात्यांना एकाच वेळी, सारखे टेकले तरच भार वाटला जातो. एखादा दाता केसभर पुढे असेल तर सगळा भार त्या एकट्यावर. तो आधी दबतो, मग पुढचा, आणि एक दिवस भरल्या जोरात खटका निसटतो. बोटांची हाडं शेजारच्या लोखंडावर आपटतात ती तेव्हा.

स्वस्त ‘७२ दात्यां’मध्ये दाते खरोखर ७२ असतात. खोटं बोललेलं नसतं. पण दाते कापण्याची अचूकता, पोलादाचं कडकपण, खटक्याला मिळालेली बैठक यांवर खर्च वाचवलेला असतो. उलट को-केन ही जपानी कंपनी आपल्या नेहमीच्या मालिकेत मुद्दाम ३६ मोठे, ठसठशीत दाते ठेवते, त्याच्यावर बसणारा खटका नीट घडवते आणि डोक्याची हालचाल अगदी हलकी ठेवते. अशा रॅचेटची किंमत दाते मोजून कळणार नाही.

दुसऱ्या टोकाला जपानच्याच केटीसी कंपनीचं नेप्रोस आहे, ९० दात्यांचं. तेही महाग आणि तेही उत्तम. कारण तिथे बारीक दात्यांना लागणारी अचूकता खरोखर दिलेली आहे. अमेरिकेच्या स्नॅप-ऑनचे ८० दाते, जर्मनीच्या वेराच्या झायक्लॉपचे ७२. चांगल्या कंपन्यांतही एकमत नाही, यातच काय ते आलं.

आता १२० दात्यांबद्दल. बऱ्याचदा चाकाला १२० दाते नसतातच. गिअररेंच कंपनीच्या १२० वाल्या रॅचेटमध्ये चाकाला ६० दाते आणि खटके दोन आहेत. दुसरा खटका पहिल्यापेक्षा अर्धा दाता मागे बसवलाय. एक अडकतो तेव्हा दुसरा दोन दात्यांच्या मध्ये असतो. त्यामुळे दाते मोठे ठेवूनही ३ अंशांवर पकड मिळते. युक्ती चांगली आहे, फक्त एका वेळी भार एकच खटका घेतो हे विसरू नये.

धुळीचा मुद्दा

काळ्या मातीच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात धूळ कुठे शिरत नाही ते विचारा. काटोल-नरखेडच्या बागेत ट्रॅक्टरखाली आडवं होऊन काम करणाऱ्याच्या रॅचेटमध्ये ती शिरणारच. पाव मिलिमीटरचा कण पावणेदोन मिमीच्या दात्यात आला तर खटका तरीही बराचसा आत बसतो. तोच कण अर्ध्या मिमीच्या दात्यात आला तर खटका अर्धवट टेकतो. अर्धवट टेकलेला खटका हलक्या कामात चालून जातो आणि जोर लावला की उडतो. म्हणून शेत, खडी, सिमेंट अशा ठिकाणी ३६ ते ४५ दात्यांचं, बंद गोल डोक्याचं रॅचेट जास्त वर्षं टिकतं. गोल डोक्यात कळीऐवजी वरची तबकडी फिरवून दिशा बदलतात, त्यामुळे धूळ आत जायला फट कमी राहते.

लांबट पेरूसारख्या आकाराचं डोकं अरुंद असतं, बारीक जागेत घुसतं. गॅरेजच्या आतल्या कामाला तेच बरं. मात्र त्याची कळ बाहेर आलेली असते. अडचणीत हँडल फिरवताना ती एखाद्या पाइपला लागून उलटते, आणि आपण खोलत असलेला बोल्ट आवळायला लागतो. कळ कडक ‘टक’ करून बसणारी हवी, लोळणारी नको.

मागची ओढ: कुणी न सांगितलेला गुण

नट बोटांनी दोन आटे चढवला, गोटी लावली आणि हँडल मागे-पुढे करायला घेतलं. पुढे नेलं की नट फिरतो. मागे आणलं की तोही मागे येतो! नट जागच्या जागी झुलत राहतो. कारण खटका दात्यांवरून घसरताना चाकाला थोडं मागे ओढतो, आणि मोकळ्या नटाचा आट्यांमधला विरोध त्या ओढीपेक्षाही कमी असतो.

ही ओढ जितकी कमी तितकं रॅचेट चांगलं. ती वाढते तीन कारणांनी: स्प्रिंग गरजेपेक्षा कडक, आत जाड ग्रीस ठासलेलं, किंवा दाते खरबरीत कापलेले. रोजच्या वापरात महागड्या रॅचेटचं खरं सुख हेच आहे, आणि कुठल्याही डब्यावर हा आकडा छापलेला नसतो. लांब बोल्ट आत चढवताना किंवा जुन्या आट्यांवरून नट काढताना, म्हणजे कामाचा निम्मा वेळ, आपण या ओढीशी झगडत असतो.

दोन सूत, तीन सूत की चार सूत?

खरेदीत सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि त्या चुकीचा ब्रँडशी संबंध नाही. चौकोनाचे घरगुती आणि गॅरेजच्या कामाचे तीन आकार: पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन सूत, आणि अर्धा इंच म्हणजे चार सूत. ट्रकच्या कामाला सहा सुती लागतं.

आवळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हाताचा जोर गुणिले हँडलची लांबी, एवढंच. किलोतला जोर आणि मीटरमधली लांबी यांचा गुणाकार करून आलेल्या आकड्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. आयएसओ ३३१५ या आंतरराष्ट्रीय मानकात रॅचेटने चाचणीत किमान किती सोसावं ते दिलं आहे: दोन सुतीला ६२, तीन सुतीला २०२, चार सुतीला ५१२ न्यूटन-मीटर.

चार सुती सगळ्यात ताकदवान, मग तेच घ्यावं असं वाटतं. आपल्याकडच्या दुकानांतही मोठे सेट बहुतेक चार सुतीच असतात. पण १० नंबरची गोटी लागणारा ६ मिमीचा बोल्ट घ्या. स्कूटरच्या इंजिन कव्हरला तोच, कूलरच्या मोटरलाही बहुतेकदा तोच. त्याला लागतात साधारण १० न्यूटन-मीटर. चार सुती रॅचेटचं हँडल २५० मिमीचं. त्यावर फक्त ४ किलोचा जोर दिला की १० न्यूटन-मीटर होतात. चार किलो म्हणजे हाताला कळतही नाही. आठ किलो दिले की बोल्ट पिळतो किंवा अॅल्युमिनियमच्या कव्हरमधले आटे निघून येतात. आटे गेले की मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, नाहीतर मोठा आटा पाडा. चाळीस रुपयांच्या कामाचे हजार होतात.

दुचाकी, कूलर, पंप, घरातली मशीन यांना दोन सुती पुरतं. मोटारीच्या इंजिनाभोवतीच्या बहुतेक कामाला तीन सुती सगळ्यात सोयीचं, जरी ते दुकानात कमी दिसत असलं तरी. लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, तिथे चार सुती. एकच घ्यायचं असेल आणि मोटार व दुचाकी दोन्ही असतील तर तीन सुती घ्या आणि चाकासाठी गाडीसोबत आलेला पाना ठेवा.

‘पण पाइप घातला की सुटतो ना!’

सुटतो. कधी नट सुटतो, कधी रॅचेट.

दोन सुती रॅचेटचं हँडल १५० मिमी. त्यावर २५ किलोचा जोर दिला तर होतात ३७ न्यूटन-मीटर, म्हणजे मर्यादेच्या आत. तेच हँडल पाइप घालून ४५० मिमी केलं की होतात ११०. चाचणी होती ६२ ची. चार सुतीला एक मीटरचा पाइप लावून ७० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला तर ६८६ न्यूटन-मीटर होतात, मर्यादा ५१२. हँडलची लांबी कंपनीने जपून ठरवलेली असते. हाताने जेवढा जोर लागू शकतो त्यात डोकं वाचावं, असा तो हिशेब आहे. पाइप तो हिशेबच मोडतो. आणि हातोडीने हँडलवर मारणं त्याहून वाईट, कारण धक्क्याचा भार दात्यांना वाटून घ्यायला वेळच मिळत नाही.

जाम नटासाठी रॅचेट पहिलं हत्यार नाही. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गॅरेजमध्ये पाहा, ट्रकच्या चाकांचे नट फोडायला वेगळं लांब हँडल असतं आणि नट मोकळा झाला की मगच बाकीचं. लहान कामालाही क्रम तोच ठेवा. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा. गंज सोडवणारं तेल मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. फारच जाम असेल तर रात्रभर. मग फ्लेक्स हँडल (डोकं वळणारी साधी लांब दांडी) किंवा टी-हँडलला सहा कोनांची गोटी लावा आणि हळूहळू जोर वाढवा. पहिला पाव फेरा सुटला की हँडल काढून रॅचेट लावा. फ्लेक्स हँडलमध्ये दाते नसतात, मोडण्यासारखं काही नसतं, आणि ते रॅचेटपेक्षा स्वस्त पडतं.

गोटी सहा कोनांचीच का? बारा कोनांची गोटी नटाच्या कोपऱ्यांना पकडते. गंजून कोपरे झिजलेले असतील तर ती घसरते आणि नट गोल होतो. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजूंवर दाबते. हजारोंच्या रॅचेटला भंगार गोटी लावली तर नट गोल होणारच, त्यात रॅचेटचा काय दोष?

एक शंका नेहमी येते: चार सुती रॅचेट ५१२ सोसतं आणि चाकाचा नट फक्त १०० चा, मग वेगळं हँडल कशाला? गंजलेल्या नटाला सुटताना आवळल्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, आणि टायरवाल्याने इम्पॅक्ट गनने तो किती आवळला होता ते कुणालाच ठाऊक नसतं. नवा, स्वच्छ नट थेट रॅचेटने सोडवला तर काही बिघडत नाही.

आणि आवळताना रॅचेटची टिकटिक ऐकून ‘टॉर्क लागला’ असं समजू नका. ती फक्त मागे येतानाची टिकटिक आहे. मोजून आवळायला टॉर्क रेंच वेगळा लागतो.

मग कोणतं घ्यावं?

वर्षातून चार-सहा वेळा कूलर, सायकल, स्कूटर पाहणाऱ्याला ४६ नगांचा स्वस्त दोन सुती सेट चालून जातो. तो टाकाऊ नाही. त्यातलं रॅचेट हलक्या कामाला ठेवा, जोर लागला की सेटमधलं सरकतं टी-हँडल वापरा. रॅचेट मोडलं तरी गोट्या राहतातच. पुढे त्यांच्यासाठी फक्त एक चांगलं दोन सुती रॅचेट वेगळं घेता येतं, चौकोन सारखाच असतो. मला विचाराल तर सुरुवातीची सगळ्यात शहाणी खरेदी हीच.

रोज काम करणाऱ्या गॅरेजला तपारियासारखं नाशकात मुख्य कारखाना असलेल्या देशी कंपनीचं चार सुती आणि दोन सुती, दोन्ही ठेवणं परवडतं. गल्लीतल्या हार्डवेअर दुकानातही ते मिळतं, आणि बदलून घ्यायला मुंबईला पार्सल करावं लागत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात देखभालीला असलेल्या फिटरने महागड्याकडे जरूर पाहावं. लाइन बंद असताना एकेक मिनिटाचा पैसा असतो, आणि मशीनच्या पोटात हात घालून तीस बोल्ट चढवताना ती मागची ओढ कमी असण्याची किंमत वसूल होते. को-केन, केटीसी, जर्मनीच्या हॅझेट, स्टालविले, गेडोरे, वेरा: या वर्गात आल्यावर वाईट असं काही सापडत नाही. मग डोक्याची जाडी, हँडलची लांबी आणि हाताला बसतं का, एवढंच बघायचं.

मध्ये एक मोठा गट उरतो: ऑनलाइन मिळणारे, नाव न ऐकलेले, पण दिसायला चकचकीत. त्यांच्यात चांगलेही असतात आणि फसवेही. डब्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. मिश्रधातू कोणता हे अर्धंच सांगितलं, तो किती तापवून कसा थंड केला यावर कडकपणा ठरतो आणि ते डब्यावर येत नाही. इथे हाताने तपासण्याला पर्याय नाही.

दुकानात पाच मिनिटं

कळ एका बाजूला करा, चौकोन बोटांत घट्ट धरा आणि हँडल पाव फेरा फिरवत टिकटिक मोजा. ७२ दाते असतील तर १८ यायला हव्यात. मग अगदी हळू फिरवा. प्रत्येक ‘टिक’ सारख्या आवाजाची यायला हवी. मध्येच एखादी दबकी आली तर तिथे खटका पूर्ण बसत नाही. कळ उलटी करून पुन्हा तेच करा. बऱ्याच स्वस्त रॅचेटमध्ये एक दिशा छान आणि दुसरी कच्ची असते, आणि आपण एकच तपासून येतो.

ओढ पाहायला चौकोनावर लहान गोटी लावा, ती दोन बोटांत अगदी हलकी धरा आणि हँडल मागे न्या. गोटी बोटांतून फिरून गेली तर ओढ जास्त आहे. ढिलाई पाहायला दुकानातल्या शिकंज्यात एखादा बोल्ट पकडायला सांगा, गोटी लावा आणि हँडलचं टोक हलवा. एका दात्याच्या हिशेबाने जेवढं हलायला हवं त्याहून सेंटीमीटरभर जास्त मोकळं हलत असेल तर सोडा. शेवटी छर्रा: गोटी हलवल्यावर पडू नये आणि काढताना पक्कड लागू नये. हाताला तेल लागलेलं असताना गोटी न निघणं किती वैताग देतं ते करणाऱ्यालाच माहीत. डोक्यावर बटण दाबून गोटी सोडवणारी सोय असेल तर उत्तम.

डोक्याच्या मागे स्क्रू किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आहे का तेही पाहा. असेल तर ते उघडतं आणि आतले भाग बदलता येतात. ‘दुरुस्तीचा संच मिळतो का?’ हे विचारा. रिव्हेट मारलेलं डोकं बिघडलं की भंगारात. ‘लाइफटाइम वॉरंटी’ बहुतेक ठिकाणी घडणीतल्या दोषापुरती असते. पाइपचा वळ दिसला की दावा गेला.

‘महाग घेतलं आणि पोराने हरवलं तर?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार मुलं काम करतात त्या गॅरेजात लहान हत्यारं फिरत राहतात आणि एक दिवस कुणाच्या तरी बोनेटखाली राहून गिऱ्हाइकाबरोबर निघून जातात. अशा ठिकाणी सगळ्यांसाठी मध्यम किमतीची रॅचेट आणि मुख्य मिस्त्रीच्या पेटीत एक चांगलं, ही वाटणी बरी. हँडलवर नाव कोरून घ्या, नागपूरच्या इतवारी बाजारात कोरून देणारे मिळतात. गाडी देताना पेटीतल्या जागा मोजायची सवय तर हवीच.

रॅचेटवाला रिंग पाना

हा वेगळा प्राणी आहे. रिंगच्या आतच दातेरी चाक बसवलेलं, बहुतेकांत ७२ दाते. गोटी जात नाही अशा लांब स्टडवरच्या (डोकं नसलेल्या आट्यांच्या दांडीवरच्या) नटांना आणि फटीतल्या बोल्टांना याच्यासारखं काही नाही. पण एक फजिती ठरलेली. ज्या पान्याला दिशेची कळ नसते तो उलटा करून दिशा बदलायचा असतो. फटीतला बोल्ट खोलत गेलात की त्याचं डोकं बाहेर येत येत समोरच्या पत्र्याला टेकतं. आता पाना बोल्ट आणि पत्र्यात अडकला. उलटा करता येत नाही, म्हणून बोल्ट परत आतही नेता येत नाही. बोल्टापुढे जागा किती आहे ते आधीच पाहा, किंवा कळ असलेला पाना घ्या. रिंगची भिंतही साध्या रिंग पान्याहून जाड असते, त्यामुळे काही जागी ती बसतच नाही.

उघडून साफ करताना

टिकटिक मंद झाली किंवा खटका अधूनमधून निसटायला लागला तर फेकू नका, आधी उघडा. खाली पांढरा कपडा अंथरा. डोक्याच्या मागचे स्क्रू किंवा सर्क्लिप काढताना डोकं तळहाताने झाका, कारण स्प्रिंग आणि छर्रा उडतात आणि छर्रा पुन्हा सापडत नाही. खटका कोणत्या बाजूने बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. उलटा बसला तर रॅचेट एकाच दिशेने चालेल.

भाग डिझेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडे करा आणि दाते उजेडात पाहा. टोकं गोल झाली असतील किंवा एखादा दाता चेपला असेल तर चाक आणि खटका दोन्ही बदला. नुसता एक बदलला तर नवा जुन्यावर नीट बसत नाही. दाते बरे असतील तर पातळ ग्रीसचा हात फिरवा, दिसेल न दिसेल इतकाच. गाडीच्या जॉइंटला लावायचं जाड ग्रीस इथे नको. डिसेंबरच्या सकाळी ते घट्ट होतं, खटका त्यात चिकटतो आणि वेळेवर दात्यात उतरत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नुसतं पातळ तेल टाकलं तर ते वाहून हँडलवर येतं आणि धूळ धरतं.

बंद केल्यावर दोन्ही दिशांना पंचवीस-तीस वेळा मोकळं फिरवा, मग शिकंज्यातल्या बोल्टावर मध्यम जोर देऊन पाहा. पहिली परीक्षा गिऱ्हाइकाच्या इंजिनावर घेऊ नका. तरीही खटका निसटत असेल तर बैठकीची भिंतच झिजली आहे, आणि त्यावर इलाज नवीन डोकं हाच.